डोळ्याच्या पडद्यापर्यंत मधुमेह पोचला की मेंदूतल्या जोडण्यांचं काय होतं?

ओलीसावली

नमस्कार मंडळी. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो हे आपल्यातल्या बहुतेकांना घरच्या कुणा ना कुणामुळे ठाऊक असतं. त्याच माणसांच्या मेंदूत काय बदलतं यावरही बरंच काम झालंय, पण मराठीत ते फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. एमआरआयच्या डेटाचं विश्लेषण हा माझा पेशा आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरमंडळींनी जरूर भर घालावी.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास ॲमस्टरडॅमचा आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात टाइप १ मधुमेहाचे (बहुधा लहान वयात सुरू होणारा, इन्सुलिन लागणारा) दोन गट होते. ४९ जणांच्या पडद्यावरचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला होता, म्हणजे पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवू लागल्या होत्या. ५२ जणांना मधुमेह होता, पण बारीक रक्तवाहिन्यांचा आजार नव्हता. तुलनेसाठी ४८ निरोगी माणसं घेतली होती. सगळ्यांना स्कॅनरमध्ये नुसतं पडून राहायला सांगितलं आणि मेंदूचे कोणते भाग एकाच लयीत चालतात ते पाहिलं.

नुसतं पडून राहिल्यावर मेंदूत मोजण्यासारखं काय असणार, असं पूर्वी तज्ज्ञांनाही वाटायचं. १९९५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला भरत बिस्वाल या तरुण भारतीय संशोधकाने दाखवलं, की हात हलत नसतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे हाताच्या हालचालीचे भाग एकमेकांच्या तालावर वरखाली होत असतात. ही चढउतार फार संथ असते, एका फेरीला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तोवर बरेच जण तिला मशीनची खरखर समजून बाजूला टाकत होते. ज्या दोन भागांची चढउतार बरोबरीने होते ते जोडलेले आहेत असं मानायचं, यालाच कनेक्टिव्हिटी म्हणतात. इथे प्रत्यक्ष तंतू मोजलेले नसतात, ताल मोजलेला असतो. पुढची चर्चा वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

आता ॲमस्टरडॅमला काय दिसलं? पडद्याचा आजार असलेल्यांमध्ये लक्ष देणं, कामापुरतं लक्षात ठेवणं, ऐकणं आणि भाषा, हालचाल, पाहणं या सगळ्यांशी संबंधित जाळ्यांतली जोडणी निरोगी लोकांपेक्षा कमी होती. केवळ पाहण्याचं जाळं बिघडलं असतं तर डोळ्यात बिघाड म्हणून तिकडे परिणाम, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ऐकण्याचं आणि भाषेचं जाळं का ढिलं पडावं?

दुसरी गोष्ट मला त्याहून विचार करायला लावणारी वाटते. मधुमेह आहे पण बारीक रक्तवाहिन्या शाबूत आहेत, अशा ५२ जणांमध्ये हालचाल आणि दृष्टी यांच्या जाळ्यांत जोडणी निरोगी माणसांपेक्षा जास्त निघाली. एकाच आजाराच्या दोन गटांत उलट दिशेचे बदल. शिवाय ज्यांची जोडणी जास्त, त्यांचा विचारांचा वेगही चांगला होता. मेंदू सुरुवातीला जोर लावून तूट भरून काढतो आणि रक्तवाहिन्या साथ देईनाशा झाल्या की तो जोर ओसरतो, असा याचा अर्थ लावता येतो. हा अर्थ आहे, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासावी लागतात आणि हा अभ्यास एका वेळेचा आहे.

टाइप २ (बहुधा मोठेपणी होणारा, जास्त आढळणारा मधुमेह) मधल्या पडद्याच्या आजारावर असे अभ्यास अलीकडे चीनमधून भरपूर आलेत, विशेषतः जियांगशी प्रांतातल्या नानचांग शहरातून. बहुतेक अभ्यासांत डोक्याच्या मागच्या भागातले, पाहण्याशी संबंधित प्रदेश बदललेले दिसतात आणि काहींमध्ये विचार व स्मृतीशी निगडित भागही.

तुमचे अनुभव, शंका, आक्षेप सगळं येऊ द्या.

माणदेशी_मुलगी

ताई, धागा वाचून पोटात गोळाच आला. आमच्या आण्णांचं किराणा दुकान आहे. शुगर जुनी. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांना लेझर झालं, एका डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. उधारीच्या वहीची बेरीज तोंडी करणारा माणूस आता गिऱ्हाईक समोर असताना अडकतो. आकडे चुकत नाहीत, पण वेळ लागतो. मग चिडतात. आई म्हणते दिसत नाही म्हणून होतंय. धाकटा भाऊ म्हणतो वय झालं. वय ६१, म्हणजे काही म्हातारे नव्हेत.

हे मेंदूचं असू शकतं का? आणि असलं तर लेझर, इंजेक्शन यांनी ते थांबतं का? डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायला गेलं तर बाहेर एवढी रांग असते, की डोळ्याशिवाय दुसरं काही बोलायची सोयच नसते.

नेत्रस्नेही

मी पडद्याचाच डॉक्टर आहे. रांगेबद्दल म्हणालात ते खरं आहे आणि त्याचं वाईट वाटतं.

डोळ्याचा पडदा हा जन्मतः मेंदूचाच भाग आहे. गर्भात मेंदूच्या पुढच्या भागातून दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांचा पडदा बनतो. पडद्यापासून निघणारी नस दहा लाखांहून अधिक तंतूंची असते आणि तिच्यावरचं आवरण हातापायांच्या नसांसारखं नसतं, मेंदूतल्या तंतूंसारखं असतं. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जशा घट्ट असतात, तशाच त्या पडद्यातही असतात. मधुमेहात या भिंती पाझरू लागतात, त्यालाच आम्ही पडद्यावरची सूज म्हणतो. एवढं साम्य असताना साखर फक्त पडद्याचं नुकसान करेल आणि मागच्या मेंदूला हात लावणार नाही, हे मला कधीच पटलं नाही.

आमच्या शिक्षणात हा रक्तवाहिन्यांचा आजार म्हणून शिकवला जायचा. ते चित्र आता बदललंय. पडद्याच्या फोटोत एकही लाल ठिपका नसताना ओसीटीवर (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) चेतापेशींचा थर पातळ झालेला दिसू शकतो, पडद्याच्या विद्युत चाचणीत प्रतिसाद उशिरा येतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१७ च्या निवेदनात रेटिनोपॅथीला, म्हणजे मधुमेहातल्या पडद्याच्या आजाराला, चेता आणि रक्तवाहिन्या दोन्हींची गुंतागुंत म्हटलंय. म्हणजे आम्ही लेझर करतो तेव्हा आजाराचा एक अर्धा भाग हाताळत असतो.

माणदेशीताई, लेझर आणि इंजेक्शन डोळ्यापुरती. दृष्टी वाचवण्यात ती उत्तम काम करतात, ती अजिबात चुकवू नका. पण मेंदूतला बदल त्यांनी थांबतो असं मी सांगू शकत नाही. आणखी एक, दोन्ही डोळ्यांना पूर्ण लेझर झाल्यावर अंधुक उजेडात आणि कडेचं दिसायला थोडं कमी होतं. दुकानात उजेड कमी असेल तर वहीवर अडखळण्यात त्याचाही वाटा असू शकतो. आधी उजेड वाढवून बघा.

साधी_सरासरी

धागा चांगला आहे, पण संख्याशास्त्राच्या बाजूने काही गोष्टी मांडल्याशिवाय राहवत नाही.

एक तर नमुना, म्हणजे तपासलेल्या माणसांची संख्या. ॲमस्टरडॅमचा अभ्यास या क्षेत्रात मोठा म्हणावा लागतो. नंतरच्या अनेक अभ्यासांत रुग्ण दोन-तीन डझनच असतात. मेंदूची प्रतिमा लाखभर छोट्या घनांत विभागलेली असते आणि प्रत्येक घनाची चाचणी घेतली की निव्वळ योगायोगाने काही ठिकाणी फरक दिसतोच. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून, या योगायोगासाठीची दुरुस्ती न करता गणित केलं तर त्याच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते हे दाखवलं होतं. २०१६ मध्ये आन्डर्स एक्लुंड यांच्या गटाने नेहमीच्या वापरातल्या सॉफ्टवेअरच्या काही पद्धती खोटे निष्कर्ष किती जास्त देतात ते मोजून दाखवलं. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या मोठ्या कामाचा सूर असा, की मेंदूची जोडणी आणि माणसाची बुद्धी किंवा वागणूक यांचा भरवशाचा संबंध सापडायला हजारो माणसं लागतात.

दुसरं, डोकं हलणं. २०१२ पासून हे पक्कं माहीत आहे, की स्कॅनमध्ये डोकं अगदी मिलिमीटरभर हललं तरी दूरदूरच्या भागांतली जोडणी खोटीच कमी दिसते. ज्याला मधुमेह आहे, पाय बधिर आहेत, पाठ दुखतेय, तो निरोगी माणसाइतका स्थिर पडून राहील का?

तिसरं आणि मला सर्वांत गंभीर वाटणारं. जोडणी पाहायला वापरतात तो स्कॅन, म्हणजे फंक्शनल एमआरआय, चेतापेशी मोजत नाही, रक्तातल्या प्राणवायूतला बदल मोजतो. मधुमेहात बिघडतात त्या रक्तवाहिन्याच. नळाला पाणी कमी आलं म्हणून घरातली माणसं कमी झाली असं म्हणता येत नाही, तसंच हे. चेतापेशी नीट बोलत असतील आणि फक्त रक्तवाहिनी प्रतिसाद देत नसेल, तरी आकडा 'जोडणी कमी' असाच येईल.

माणदेशीताईंच्या वडिलांबद्दल या अभ्यासांवरून काहीही निष्कर्ष काढू नये असं माझं मत आहे.

ओलीसावली

@साधी_सरासरी, तिन्ही आक्षेप मान्य, आणि तुम्ही ते नेमके मांडलेत. तिसऱ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्या मुद्द्यावर प्रत्यक्ष काम झालेलं आहे.

रक्तप्रवाहावर अवलंबून नसलेली पद्धत म्हणजे एमईजी. चेतापेशींच्या विद्युतप्रवाहामुळे तयार होणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र ती डोक्याबाहेरून टिपते. ॲमस्टरडॅमच्याच गटाने २००९ मध्ये टाइप १ च्या रुग्णांवर ती वापरली होती आणि तिथेही जोडणी कमी झालेली दिसली. गट लहान होता हे खरं. पण रक्तवाहिन्यांचा गोंधळ बाजूला ठेवूनही दिशा तीच राहते, म्हणून सगळा दोष मोजपट्टीचा आहे असं मला वाटत नाही.

मोठ्या संख्येचं म्हणाल, तर जोडणी नव्हे पण मेंदूचा आकार आणि बुद्धीच्या चाचण्या यांवर अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड या मोठ्या उपचार-चाचणीचा (साखर कडक आवरल्याने काय होतं ते पाहणाऱ्या) डेटा आहे. टाइप २ चे अठराशेहून अधिक रुग्ण, ४० महिने पाठपुरावा. सुरुवातीलाच पडद्यावर आजार असलेल्यांची चाचण्यांतली घसरण जास्त होती आणि आजार मध्यम ते तीव्र असलेल्यांमध्ये मेंदूतल्या करड्या भागाचं आकारमान कमी होतं. स्कॉटलंडच्या एडिंबरा अभ्यासात ६० ते ७५ वयाच्या हजारभर मधुमेहींपैकी पुरुषांमध्ये रेटिनोपॅथी आणि विचारशक्तीची घट यांचा संबंध दिसला. माणसं वेगळी, देश वेगळे, पद्धती वेगळ्या. जोडणीच्या एखाद्या नकाशावर माझा भरवसा नाही, पण पडद्याचा आजार आणि मेंदूचं मंदावणं एकमेकांसोबत चालतात यावर आहे.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. काचबिंदूत आणि म्हातारपणी पडद्याचा मध्य खराब होतो त्या आजारातही मेंदूचा पाहण्याचा भाग बारीक होतो, तिथे साखरेचा संबंध नसताना. म्हणजे पाहण्याच्या जाळ्यातले बदल नुसती दृष्टी कमी झाल्यानेही होऊ शकतात. हे वेगळं काढायचं तर दृष्टी अजून चांगली आहे पण पडद्यावर ठिपके दिसू लागलेत, असे रुग्ण भरपूर संख्येने तपासायला हवेत. बार्सिलोनाच्या राफाएल सिमो यांच्या पुढाकाराने युरोपात 'रेकग्नाइज्ड' नावाचा प्रकल्प चालवला गेला. पडद्याच्या साध्या तपासणीवरून टाइप २ मधल्या कुणाच्या विचारशक्तीला धोका आहे ते ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न. मला यातून खरी आशा वाटते, कारण एमआरआय प्रत्येक तालुक्यात पोचणार नाही, पण पडद्याचा फोटो पोचू शकतो.

गिरगावकर

उत्तम चर्चा. एकच विचारतो. आईला (वय ७०, शुगर, पडद्याला सूज) हा जोडणीवाला एमआरआय खासगी सेंटरला करून घेतला तर काही कळेल का? खर्चाची तयारी आहे.

ओलीसावली

गिरगावकर, नका करू. हे सगळे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. निरोगी माणसांमध्येच एकापासून दुसऱ्यापर्यंत एवढा फरक असतो, की एका व्यक्तीचा आकडा पाहून 'ही मधुमेहामुळे कमी झालेली जोडणी' असं कुणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांना लकवा किंवा गाठ यांची शंका असेल तर साधा एमआरआय वेगळी गोष्ट, तो ते सांगतील तेव्हा करावा. खर्चाची तयारी असेल तर तो पैसा पडद्याच्या तपासण्या आणि इंजेक्शनं वेळेवर होण्यावर जाऊ द्या.

सुई_आणि_मी

मी नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. पडद्यावर ठिपके आहेत, अजून लेझरची वेळ आलेली नाही. ॲमस्टरडॅमचे ते ४९ जण म्हणजे उद्याचा मीच, असं वाचताना वाटत राहिलं.

आम्हा टाइप १ वाल्यांच्या घरी एक भीती कायम असते. शुगर लो झाली की मेंदूला इजा होते, म्हणून आई-वडील साखर मुद्दाम थोडी वर ठेवायला बघतात. माझंही बरंच बालपण तसंच गेलं. मग लो ने मेंदू खराब होतो की हाय ने? कुणी ठोस सांगेल का?

नेत्रस्नेही

यावर ठोस माहिती आहे. अमेरिकेतल्या डीसीसीटी चाचणीत टाइप १ चे १४४१ तरुण रुग्ण होते. साखर कडक आवरली तर पडद्याचा आजार मोठ्या प्रमाणात टळतो हे १९९३ मध्ये तिनेच सिद्ध केलं. पुढे त्याच रुग्णांचा पाठपुरावा चालू राहिला. साधारण १८ वर्षांनंतरचा २००७ चा अहवाल सांगतो, की बेशुद्धीपर्यंत गेलेले लो वारंवार होऊनही त्यांच्यामुळे विचारशक्तीत मोठी घट दिसली नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सतत जास्त असलेल्यांमध्ये मात्र हातांचा वेग आणि झटपट विचार करून कृती करण्याचा वेग काहीसा कमी आढळला. अर्थात लो ला हलकं समजायचं नाही. गाडी चालवताना किंवा झोपेत तो जिवावर बेततो, आणि फार लहान मुलांचं व वयस्कर माणसांचं गणित वेगळं आहे. या चाचणीतले लोक तरुण होते.

टाइप २ च्या वयस्कर रुग्णांत साखर अतिकडक केल्याने विचारशक्ती वाचते असंही नाही. अकॉर्डमध्ये कडक गटाची विचारशक्ती काही चांगली राहिली नाही आणि मृत्यू जास्त झाल्याने तो कडक उपचार २००८ मध्ये थांबवावा लागला. त्यामुळे ७० वर्षांच्या माणसाची तीन महिन्यांची साखर विशीतल्या मुलाइतकी खाली आणण्याचा अट्टहास करू नका. किती ठेवायची ते त्या माणसाकडे बघून ठरतं.

तुमच्यासाठी एवढंच: ठिपके आहेत, म्हणजे तपासणीची तारीख चुकवायची नाही. पूर्वी खूप जास्त असलेली साखर झपाट्याने खाली आणणार असाल तर आधी पडदा दाखवा, कारण सुरुवातीचे काही महिने पडदा उलट बिघडू शकतो. त्यावर लक्ष ठेवलं की निभावतं.

सुई_आणि_मी

मनापासून धन्यवाद डॉक्टर. हे घरी वाचून दाखवणार आहे.

माणदेशी_मुलगी

दुकानात गल्ल्यावर नवीन ट्यूब लावली, वहीच्या जागी मोठ्या चौकटींची वही आणली. वहीचं काम बरंच सुधारलं. तरी एक राहिलंच. संध्याकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, म्हणून दोनदा घेतल्याचं आईच्या ध्यानात आलं. हे डोळ्याचं नक्कीच नाही.

विट्याच्या फिजिशियनना दाखवायचं ठरवलंय. त्यांना काय सांगू? विसरण्याची तपासणी करायला सांगावं का? आण्णा चिडतील, 'मला येडा ठरवताय का' म्हणतील.

नेत्रस्नेही

आधी गोळी. दोनदा घेतलेली गोळी साखर खाली आणणारी असेल तर तीच आज सर्वांत मोठी काळजी आहे. सकाळ-संध्याकाळचे खण असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते, आठवड्याची डबी आई भरू देत. गोळीचं नाव फिजिशियनना दाखवा आणि दोनदा घेतली गेल्याचं स्पष्ट सांगा. लो कमी करणारी दुसरी गोळी देता येते का ते ते बघतील. दिवसा अडकायला होतं तेव्हा एकदोनदा ग्लुकोमीटरवर साखर मोजून लिहून ठेवा. लो मध्येही माणूस अडखळतो आणि चिडतो. त्याचबरोबर बी१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं आणि ते भरून काढता येतं.

विसरण्याच्या तपासणीबद्दल, मधुमेहात ६५ नंतर ती दरवर्षी करावी अशी शिफारस आहेच आणि तक्रार असेल तर त्याआधीही. आण्णांना सांगा, पडद्याची तपासणी जशी दरवर्षी तशीच ही, शुगरवाल्या सगळ्यांची करतात.

ओलीसावली

एक भर. या तपासण्यांतल्या बऱ्याचशा डोळ्यांवर चालतात. आकृती बघून काढा, घड्याळ काढा, आकड्याखाली खूण लिहा. अकॉर्डमधली वेगाची चाचणीही कागदावरचीच होती, म्हणजे तिथल्या गुणांतही दृष्टीचा वाटा शिरलेला असणार. ज्याचा पडदा खराब आहे त्याला अशा चाचणीत विनाकारण कमी गुण पडतात. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा, की दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय, तोंडी प्रश्नांची चाचणी घ्या. मोका या स्मृती-विचारशक्तीच्या चाचणीचं न दिसणाऱ्यांसाठी वेगळं रूप आहे, त्यात चित्रांचे प्रश्न वगळलेले असतात. इंजेक्शन घेतलेल्या दिवशी किंवा पडदा बघायला थेंब घातलेल्या दिवशी ही तपासणी ठेवू नका. आण्णांना जवळचा चष्मा असेल तर तो बरोबर न्या, आणि तोंडी बेरजा विचारल्या तर त्यांना त्या मराठीतच विचारायला सांगा.